लाल दोऱ्याचं टोक

"कोकरेबाई, तुमच्या गावच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या गाळात चमकी सापडली," मणेर सर मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाले.

मला वाटलं, नेहमीसारखी चेष्टा चाललीय. मिरजेचे हे मणेर सर, कॉलेजात भूगोल शिकवायचे. विद्यापीठाच्या त्या छोट्या अभ्यासक्रमात पहिल्या दिवसापासून आम्ही एका टेबलावर होतो आणि पहिल्या दिवसापासून ते मला छळत होते.

"कसली चमकी?"

"गणपतीच्या मुकुटाला लावतात तसली. सोनेरी, सहा कोनांची. आमच्या गल्लीचा गणपती दरवर्षी मीच सजवतो, मला नाही कळायची तर कोणाला? या, बघा तरी."

मी बघितलं. धुरकट परागकण होते, कोळशाचे काळे कण होते आणि त्यांच्या मधोमध एक सोनेरी षटकोन. कडा अगदी कापल्यासारख्या.

अभ्यासक्रमाचं नाव होतं 'प्राचीन परिसंस्था'. सकाळी प्रयोगशाळा, संध्याकाळी व्याख्यान. जुन्या तळ्यांच्या गाळात, राखेत, हाडांत पूर्वीचं रान कसं वाचायचं, ते शिकवायचे. मी तेव्हा हायस्कुलात शिक्षिका होते. सुट्टी टाकून, मुख्याध्यापकांशी भांडून आले होते, कारण शिकवणारे पोंक्षे सर होते आणि पोंक्षे सरांना आमच्या गावात देव मानत.

आमचं गाव जांभुळटेप. डोंगराच्या पोटाशी वस्ती, वस्तीसमोर जाईदेवीचं तळं आणि तळ्याच्या पलीकडच्या चढावर शाळा. एका साली वरून मोठे धोंडे घरंगळत आले आणि सगळे भेदरले. वस्ती उठवायची बोलणी सुरू झाली. तेव्हा डॉ. मुकुंद पोंक्षे आले. त्यांनी तळ्यात नळी ठोकून गाळाचा उभा खांब काढला. त्याला ते गाभा म्हणत. तो वाचून त्यांनी कळवलं की हा डोंगर फार पूर्वी एकदा कोसळला, मग हळूहळू निवला, आता शांत आहे. वस्ती हलली नाही. सरांच्या पत्राला काच बसवून आमच्या लोकांनी ते देवीच्या देवळात टांगलं. दसऱ्याला देवीबरोबर त्यालाही हार पडायचा.

तोच गाभा आता आमच्यासमोर लांब टेबलावर, उभ्या चिरलेल्या पाइपात पडून होता. एका टोकाला लाल दोरा, दोन गाठींचा. विभागाची रीतच होती तशी, दोरा म्हणजे वरचं टोक, आजचं. तिथून मागे जाल तसं जुनं. मी हौसेने सर्वांत जुन्या टोकाचा नमुना मागून घेतला होता. आपल्या मातीतला सगळ्यात म्हातारा चिखल बघावा म्हणून.

"कुणाच्या तरी साडीवरून पडली असेल," मी म्हणाले.

"तुमची साडी सुती, माझा सदरा पांढरा. पडली कुठून?"

जाईच्या तळ्यात दरवर्षी वस्तीचे सगळे गणपती विसर्जन होतात. माझ्या लहानपणी ते साध्या मातीचे असत. चमकी आली ती अलीकडे.

त्या संध्याकाळी मी दादाला फोन केला. मारुतीदादा माझा थोरला भाऊ. डोंगराच्या अगदी कुशीला त्याने नवं घर बांधलं होतं, रविवारी वास्तुशांत होती. सगळी वस्ती जेवायला येणार होती. श्रावण होता आणि आठवडाभर पाऊस उघडला नव्हता.

"काय शेवंते, येतीस ना? का तिकडंच प्रोफेसर व्हतीस?"

"येते रे. तळ्याचं पाणी कसंय?"

"लाल. च्याच्या रंगाचं झालंय. दोन-तीन वर्सं लईच लाल हुतंय बघ. का गं?"

"सहज. घर कसं झालंय?"

"झकास. आन आइक, देवी पावली. घराच्या पाठीमागं टेकाडाला नवा झरा फुटलाय, मनगटायेवढी धार. आता पंप नको का काय नको. निस्ता त्यो सुतार लबाड निघाला. दाराची चौकट वाकडी बसवली, दार लागंनाच. रंधा मारून घेतला, चार दिस लागलं, परत अडाकतंय."

मागून वहिनीचा आवाज आला, "अवो, पुढच्या भिताडाची चीर बी सांगा."

"चीर बारकी हाय. नव्या घराला जातीच," दादा हसला.

मी फोन ठेवला आणि खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. पोंक्षे सरांनी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी वर्गात एक गंमत सांगितली होती. त्यांची सांगायची तऱ्हाच अशी गोड, की आम्ही सगळे हसलो होतो. जांभुळटेपला त्यांची स्वतःची नळी अडकून वाकली, मग विहिरी खोदणाऱ्या एकाकडून नळी उसनी आणली. "आमच्या नळीत दांडा खालून सारायचा," ते म्हणाले होते, "म्हणजे गाळ वरच्या टोकाने बाहेर येतो. तिचा दांडा वरून दाबायचा. उलटं काम. माझे हात नुसते भरून आले." आणि विभागाची रीत अशी की जे टोक आधी बाहेर येईल, त्याला लाल दोरा.

आधी बाहेर येईल त्याला. आणि उसन्या नळीतून आधी बाहेर आलं होतं ते खालचं टोक.

सर ज्याला बूड म्हणत होते ते वर होतं आणि वर म्हणत होते ते बूड. मी मनात गाभा उलटा करून बघितला. सर वाचत होते ते असं: आधी लाल मातीचा आणि दगडांचा जाड थर, म्हणजे कोसळलेला डोंगर. त्यानंतर लाल रेघा बारीक होत जातात, शेवटी काळा शांत गाळ. डोंगर निवला. उलटं धरलं तर आधी काळा शांत गाळ. मग बारीक लाल रेघ, मग जरा जाड, मग आणखी जाड, आणि मग डोंगर खाली. निवणं वगैरे काही नव्हतंच, तो आधी कळवत होता. आणि चमकीच्या टोकाला, आम्ही ज्याला सर्वांत जुनं समजत होतो तिथे, बारीक लाल रेघा पुन्हा सुरू झालेल्या होत्या. सरांनी त्यांना मातीची किरकोळ धूप म्हणून सोडून दिलं होतं.

तळ्याचं पाणी दोन-तीन वर्षं लाल होत होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. प्रयोगशाळा उघडायच्या आधी मी दारात उभी. पोंक्षे सर छत्री झटकत आले. निवृत्तीला आलेला, सडपातळ, मऊ बोलणारा माणूस. मला बघून त्यांना आनंदच झाला. उद्याचं समारोपाचं व्याख्यान जांभुळटेपवरच होतं आणि 'गावची लेक' म्हणून ते माझी ओळख करून देणार होते.

"सर, दोरा चुकीच्या टोकाला बांधलाय," मी म्हणाले. मला गोल गोल बोलता येत नाही.

ते हसले. मग मी चमकीचं सांगितलं, उसन्या नळीचं सांगितलं. ते हसायचे थांबले, पण रागावलेही नाहीत.

"शेवंताबाई, एक चमकी. बारा वर्षांत या टेबलाशी किती मुलं बसली असतील. कुणाच्या पिशवीतून, कुणाच्या केसांतून पडू शकते."

"मग आतून कापून बघू."

"हा गाभा पुन्हा मिळायचा नाही."

"माणसं पण मिळायची नाहीत, सर."

त्यांनी छत्री कोपऱ्यात टेकवली. मग गाभा कापायची बारीक तार घेतली. मी कापते म्हणाले तर मानेनेच नको म्हणाले. टोकाचा भाग त्यांनी स्वतः मधोमध चिरला, आतला ओला कण टाचणीवर घेतला, स्लाइड केली. मणेर सर एव्हाना आले होते, ते माझ्या मागे गुपचूप उभे राहिले. पोंक्षे सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि ते तिथेच राहिले. खिडकीबाहेर पाऊस पडत होता. मला त्यांची पाठ दिसत होती.

"काय आहे, सर?" शेवटी मणेर सरांनीच विचारलं.

"सोनेरी," ते म्हणाले. "आणि एक गुलाबी. आणि एक निळी."

मी खुर्चीत बसले. मला वाटलं, आता ते फोन उचलतील.

"एकाच नमुन्याचं वय काढलं होतं," ते स्वतःशीच बोलावं तसं बोलले. "मधल्या कोळशाचं. मधला उलटा केला तरी मधलाच." मग त्यांनी चष्मा पुसला. "सोमवारी दोन्ही टोकांचे नमुने तपासायला पाठवू. तोवर कुणाशी बोलू नका. खातरजमा न करता बोललो तर घबराट होईल."

"सर, रविवारी माझ्या भावाची वास्तुशांत आहे. त्याच डोंगराखाली. झरा फुटलाय, दार लागत नाही, भिंतीला चीर गेलीय. पत्र लिहिताना तुम्ही सोमवारची वाट बघितली होती का?"

"डोंगर दोन दिवसांत पडत नाही हो. हजारो वर्षांच्या हालचाली आहेत या."

"पण शेवटचा दिवस एकच असतो ना."

त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यात अहंकार नव्हता, भीती होती. आयुष्यभर पुराव्याशिवाय एक वाक्य न लिहिलेला माणूस तो, आता घाईने दुसरी चूक होईल म्हणून भ्याला होता. पण मला तेव्हा दया करायला सवड नव्हती.

"तुमचा सोमवार तुम्हाला लखलाभ," मी म्हणाले आणि निघाले. मणेर सर जिन्यापर्यंत आले. "मी त्यांच्यापाशी थांबतो," एवढंच म्हणाले. चेष्टा नाही, काही नाही.

शुक्रवारची एसटी चुकली, टेपावर पोचले तेव्हा शनिवारची दुपार होती. एसटी खालच्या फाट्यापर्यंतच येते, पुढे चालत. सगळ्या वाटेवर पायाखाली माती पचपच करत होती. दादाच्या घरामागचा झरा मी आधी बघितला. पाणी गढूळ लाल, धार त्याने सांगितली त्याहून जाड. वहिनी त्यात हंडे विसळत होती.

मी दादाला सगळं सांगितलं. नळी, दोरा, चमकी. तो मांडवाच्या बांबूला सुतळी बांधत ऐकत होता.

"म्हंजी पोंक्षे सायबांनी खांब उलटा धरला आन ते तुला कळलं?"

"त्यांनाही कळलंय."

"मग त्ये का नाय आले सांगाया?"

दादाने देवळाकडे बोट केलं. "त्यांचं पत्तर थितं टांगलंय. त्ये येऊन काढू देत, मग बघू. लोकांना आवतणं गेली, भटजी ठरला, तू उंद्याच्याला ह्ये काय काढलंस? येडी का खुळी तू?"

"दादा, दार का लागत नाही?"

"सुतार हरामखोर हाय म्हून."

वहिनी मध्येच म्हणाली, "त्यानं शाळंचीबी दारं केल्यात. ती लागत्यात." दादाने तिच्याकडे असं बघितलं की ती आत गेली.

मग मी डोंगराचं नाव काढणंच सोडलं. दादा माझा भाऊ, तो कशाला बधतो मला पाठ आहे. संध्याकाळी वाऱ्याने मांडवाचं एक टोक उडालं, तेव्हा मी म्हणाले, "या पावसात पंगती कुठे बसवणार? चिखलात? सोयरे येणार, आपल्या घराचं हसू होईल. पूजा घरात करू, जेवणं शाळेत. शाळेला पत्रा आहे, ओटा आहे, दोन वर्ग मोकळे आहेत. किल्ली गुरुजींकडून मी आणते."

त्याने मांडवाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. "ह्ये मातूर ब्येस बोललीस," तो म्हणाला. आणि लगेच चार पोरांना हाक मारून चुलवणं तळ्यापलीकडे हलवायला लावली. मी स्वैपाकाची भांडी उचलायला लागले.

राहिली पूजा. ती घरातच व्हायची होती. वाटत होतं, मी उंबरा ओलांडणारच नाही म्हणून अडून बसावं. पण दादा, वहिनी, त्यांची दोन लेकरं आत बसणार आणि मी बाहेर उभी राहणार, हे मला जमेना. काय व्हायचं ते सगळ्यांचं एकदम होऊ दे म्हणत सकाळी मी आत गेले. भटजींनी कलश मांडला. पाणी कलशाच्या एका बाजूच्या काठाला टेकलं होतं, दुसऱ्या बाजूला बोटभर खाली. भटजींनी चौरंगाखाली कागदाची घडी सारली आणि मंत्र चालू ठेवले. मी मागच्या भिंतीकडे बघत बसले. होमाचा धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळे रडले तरी चालण्यासारखं होतं.

आरती झाल्या झाल्या मी उठले. "चला, पहिली पंगत. सोयऱ्यांना तिष्ठत ठेवू नका. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घ्या, घरात कुणाचं ताट धाडायचं नाही, सगळे तिथेच." शाळेत पोरांना हाकते तशी मी सगळ्या वस्तीला हाकलं. लोक हसत होते. "मास्तरीण लई कडक," म्हणत होते. निघताना दादाने नव्या घराचं दार ओढलं. ते अर्ध्यावर अडकलं. त्याने खांद्याने रेटलं, शिवी हासडली आणि तसंच उघडं टाकून आला.

शाळेच्या ओसरीवर पहिली पंगत बसली. लापशी वाढली जात होती. माझ्या हातात वरणाची बादली होती. तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, वस्तीत कोन हाय त्ये?"

तळ्यापलीकडे, पावसात, छत्री घेतलेला एक माणूस घराघरापाशी जात होता. दार वाजवायचा, थांबायचा, पुढच्या दाराशी जायचा. चालण्यावरून मी ओळखलं.

"पोंक्षे सर," मी म्हणाले.

त्यांना काय माहीत आम्ही शाळेत आहोत ते. शुक्रवारपासून पावसाने टेपावरचे फोन बंद पडले होते. सोमवारची वाट न बघता, समारोप उरकून ते पहाटे निघाले असणार. आमच्या लोकांना बाहेर काढायला आले होते आणि रिकाम्या घरांची दारं वाजवत होते.

दादा ताटावरून तसाच उठला. हात न धुता तळ्याच्या बांधाकडे पळाला. "सायेब, समदी हिकडं हायेत," तो ओरडत होता. "सायेब, हिकडं." मी ओसरीच्या कडेला येऊन ओरडले, पोरं ओरडली. पण पावसात आवाज पोचेना. सर देवळात शिरले, लगेच बाहेर आले, तेव्हा त्यांच्या काखेत काहीतरी चौकोनी होतं. ते वस्तीच्या शेवटच्या घराकडे वळले. बाकी सगळ्या घरांना बाहेरून कड्या होत्या. फक्त दादाचं दार उघडं होतं.

उघडं दार बघून त्यांना वाटलं असणार, आत माणसं आहेत. त्यांनी छत्री मिटली, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि ते आत गेले.

आधी आवाज आला नाही. आधी झाडं चालली. टेकाडावरची जांभळं उभीच्या उभी खाली यायला लागली. मग आवाज आला आणि ओसरीतली पत्रावळ न पत्रावळ हलली. दादा बांधावर मध्येच थबकला होता. मग मागे फिरून तो पळाला, तळ्याचं पाणी त्याच्या मागे बांधावरून सांडत होतं. बघता बघता वस्ती गेली. देऊळ गेलं. धूर नाही, काही नाही, नुसती लाल माती.

मग दादा माझ्या पायाशी खाली बसला आणि म्हणाला, "शेवंते, दार लागलं असतं तर..." मी वरणाची बादली अजून हातातच धरून होते.

सर सापडले नाहीत. जांभुळटेपचं एकही माणूस गेलं नाही, गेले ते एकटे. आमच्या लोकांनी नवी वस्ती शाळेच्या अंगाला बांधली. तिथल्या देवळात देवीच्या बाजूला आता काचेत पत्र नाही. एक मिटलेली छत्री आहे, पुढच्या उन्हाळ्यात मातीत सापडलेली. दसऱ्याला तिला हार घालतात. मला ते बघवत नाही, पण मी कुणाला अडवत नाही.

दिवाळीनंतर मी विद्यापीठात गेले. मणेर सर मुद्दाम मिरजेहून आले होते. शनिवारी समारोपाला पोंक्षे सर उभे राहिले आणि म्हणाले, माझं व्याख्यान रद्द, माझं वाचन चुकलं आहे. एवढंच बोलून खाली बसले, असं त्यांनी सांगितलं. नंतर कलेक्टर कचेरीत दिवसभर फोन लावत होते. सुट्टी होती, कुणी उचलला नाही.

आम्ही दोघं प्रयोगशाळेत गेलो. कपाटातून कुणी तो गाभा हलवला नव्हता. मी वरचं झाकण काढलं.

लाल दोरा दुसऱ्या टोकाला होता. चमकीच्या. मी बोट लावून बघितलं. दोन गाठी, त्यांच्या सवयीच्या, घट्ट. आणि जुन्या टोकाला, दोरा बारा वर्षं जिथे होता तिथे, गाळावर नुसता त्याचा वळ राहिला होता.